आठवं रीळ

भिंतीच्या अलीकडं माझी कढई,
पलीकडं पडदा.
एकवीस वर्षं सिनेमा ऐकला मी, बघितला नाही.
तरी विचारा.

आधी घंटा, नारळ, मग नायकाचा बूट.
नुसता बूट.
शिट्ट्या सुरू झाल्या की मी कांदा चिरायला घेतो,
बुटापासून तोंडापर्यंत कॅमेरा चढेतोवर
दोन किलो होतो.
नायिका रुसते, लगेच परदेशातलं गाणं
(दस्तगीर सांगतो, बर्फात तिला साधा स्वेटर नसतो)
तेवढ्यात पीठ भिजवायचं.
कॉमेडीवाल्याच्या कानाखाली आवाज निघाला
की गॅस मोठा.
आणि सुमो गाड्या हवेत गेल्या की भिंतीचा चुना पिठात पडतो,
त्या खाली यायच्या आत मिरच्या तेलात.
मग कुणीतरी ओरडतं तेलुगूत,
'हा कोण आहे तुम्हाला ठाऊक नाही!'
मला तेलुगू येत नाही. हे येतं.
इंटर्व्हल.
भजी बाहेर, माणसं बाहेर,
मिनिटाचा फरक नाही.

संकेश्वरात मराठी सिनेमा लावला तर अर्धं गाव येतंय,
कन्नड लावला तर उरलेलं.
म्हणून एक नोव्हेंबरला हंजी सावकार तेलुगू लावायचा.
ती भाषा कुणाच्याच बोर्डावर नव्हती.
दंडाला काळी फीत बांधलेला परशराम कडोलकर
आणि गळ्यात लाल-पिवळी शाल घातलेला बसलिंग
एका बाकावर बसून
एकाच खलनायकाला शिव्या घालायचे,
आपापल्या भाषेत.
खलनायकाला दोन्ही कळत नव्हत्या.

नाना गेला त्या सालची गोष्ट.
कढई त्याचीच, झारा त्याचाच,
'तेल ऐकायचं, बघायचं नाही' हेही त्याचंच.
तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर.
गाणं झालं, पीठ झालं,
आता थोबाडीत बसणार म्हणून हात नळीवर ठेवला
आणि पलीकडं खलनायक मेला.
मरताना जसं ओरडतात तसं, लांबलचक,
वर शंख, वर सगळ्या गावाचं रडणं.
तेल अजून गार.

इंटर्व्हलला लोक आले ते कच्च्या भज्यांवर.
कुणी काही बोललं नाही.
आत गेले, खलनायक परत जिवंत.
'चहा पिऊन आला असंल की,' बसलिंग म्हणाला, कन्नडमध्ये,
आणि परशराम हसला.

मी गॅस बंद केला.
पहिल्यांदाच दाराचा पडदा सारून उभा राहिलो.
शेवटी, जिथं मारामारी संपून झेंडे लागतात तिथं,
एक म्हातारा अंगणात बसला होता.
ह्याला मारल्याचा सूड मघाशीच घेऊन झाला होता.
तो भात कालवत होता.
नायकाच्या तोंडात घास देत होता,
नायकाला अजून धड मिशी नव्हती.
नायक म्हणाला, नान्ना.
आमच्या नानापेक्षा
एक न जास्त.
म्हातारा काहीतरी पुटपुटला, बहुतेक मीठ कमी आहे असं,
आणि दिवे लागले.

लोक उठले, चपला शोधल्या, गेले.
पैसे परत मागायला कुणी आलं नाही.

दस्तगीर जिना उतरला, कपाळाला घाम.
'नागो, आठवं शेवटाला लागलं, शेवटचं आठव्याच्या जागी.
सावकारला सांगू नगंस.'
मी त्याला कच्चीच भजी दिली.
म्हटलं, उद्या पण असंच लाव की रे.
'येडा हायस काय,' तो म्हणाला,
मग माझ्या डोक्याकडं बघितलं.
केस अजून यायचे होते.
गप्प खात राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं रिळं नीट लावली.
दुपारच्या खेळाला मी कांदा चिरला,
पीठ भिजवलं,
थोबाडीत बसली तशी नळी सोडली.
भिंतीपलीकडं नान्ना वेळेवर मेला.
भजी चांगली झाली होती.